ग्राहक खूश, हातात काही नाही: घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्याचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पर्सनल ट्रेनर आहात, एका वेळी एकच क्लायंट, तोही त्याच्या घरी जाऊन. सध्या ११ जण आहेत, सगळे खूश, कोणी सोडून जात नाही, पण तुम्ही पहाटे पाचला बाहेर पडता ते रात्री नऊला घरी येता आणि महिनाअखेर जुन्या नोकरीएवढेही पैसे उरत नाहीत. ओळखीतले सगळे सांगतायत की ग्रुप बॅच घे, ऑनलाईन कोर्स काढ, एकेकाच्या मागे फिरून कोणी श्रीमंत झालंय का. आणि तुम्ही विचारताय की असल्या पर्सनल सर्व्हिसमध्ये खरंच नफा असतो की ही नुसती हौस आहे.

असतो. चांगला असतो. पण तो तुम्ही शोधताय तिथे नसतो, आणि हे कळायला मला स्वतःला पाच वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझं काम काय ते सांगतो. ज्यांना मोठं घर सोडून लहान घरात जायचंय, बहुतेक वेळा वय झालेली माणसं, त्यांच्याशेजारी बसून काय ठेवायचं काय द्यायचं ते ठरवायचं, घर आवरायचं, आणि नवीन घरात सामान असं लावून द्यायचं की पहिल्या रात्री त्यांना दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून आल्यासारखं वाटू नये. ट्रक आणि हमाली मी करत नाही, ती माणसं वेगळी. १४ वर्षं झाली. पहिल्या पाच वर्षांत लोक मला मिठी मारून निरोप द्यायचे आणि मी घरी येऊन बायकोला सांगायचो की या महिन्यातही जरा ओढाताणच आहे.

आता तुमचंच गणित मांडू, आकडे तुम्हीच दिलेत. ११ क्लायंट, प्रत्येकी आठवड्याला ३ सेशन, म्हणजे ३३ तास. हे तुम्ही मोजता. दोन घरांमधला प्रवास सरासरी ४० मिनिटं, ३३ वेळा, म्हणजे २२ तास. हे तुम्ही मोजत नाही. मेसेजना उत्तरं, प्लॅन लिहिणं, कोणाच्या गुडघ्याचा रिपोर्ट वाचणं, हे तुम्ही म्हणता माणशी दीड तास, म्हणजे साडेसोळा. बेरीज झाली साडेएकाहत्तर. पैसे मिळतात ३३ तासांचे. म्हणजे जो दर तुम्ही लोकांना सांगता त्याच्या जेमतेम ४६ टक्के तुमचा खरा दर आहे, आणि ऐनवेळी रद्द होणारी सेशन्स तर यात धरलेलीच नाहीत. तुम्ही स्वस्त नाही आहात हो, अर्ध्याहून जास्त काम फुकट करताय, आणि ते फुकट काम क्लायंटला दिसतसुद्धा नाही.

हे आकडे अंदाजाने आहेत ना? दोन आठवडे खरे लिहून काढा. वकील लोक काही ठिकाणी सहा-सहा मिनिटांचे तुकडे लिहितात, तासाचा दहावा भाग, तेवढं करायची गरज नाही, पंधरा मिनिटांचं खातं पुरे. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एका क्लायंटसोबत मी बिलाच्या अडीचपट वेळ घालवलेला निघाला, आणि गंमत म्हणजे त्यातला मोठा हिस्सा फोनवर होता, रात्रीच्या.

इथूनच मुद्द्याची गोष्ट सुरू होते. पर्सनल सेवा देणारे आपण सगळे एक घोळ घालतो. आपल्याला वाटतं की माणूस आपल्याला पैसे देतो कारण आपण कधीही हजर असतो. रात्री साडेदहाला मेसेज आला, दिलं उत्तर. रविवारी फोन आला, घेतला. यालाच आपण पर्सनल टच म्हणतो. पण माणूस पैसे देतो ते तुम्ही त्याचं लक्षात ठेवता याचे. हजर राहणं आणि लक्षात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीत तुमचे तास संपतात आणि दुसरीला फारसा वेळच लागत नाही. हा सगळा धंदा या फरकावर उभा आहे, बाकी मी खाली जे लिहिणारे ते याच्याच फांद्या.

एक प्रसंग सांगतो. एक बाई होत्या, निवृत्त शिक्षिका, चाळीस वर्षं एकाच घरात. मुलगा परदेशी. त्यांच्या खुर्चीशेजारी एक छोटं टेबल होतं आणि त्याच्या वरच्या ड्रॉवरमध्ये त्यांचं सगळं जग: डावीकडे चष्म्याची केस, तिच्यामागे कात्री, मधे पेन आणि रबरबँडचा गुंता, उजव्या कोपऱ्यात रेडिओच्या बॅटऱ्या. मी तो ड्रॉवर रिकामा करायच्या आधी मोबाईलवर दोन फोटो काढले, एक वरून, एक खुर्चीत बसून हात कुठपर्यंत जातो त्याचा. नवीन घरात टेबल खुर्चीच्या त्याच बाजूला ठेवलं, ड्रॉवर फोटो बघून तसाच्या तसा लावला, रबरबँडच्या गुंत्यासकट. संध्याकाळी बाई खुर्चीत बसल्या, मुलाशी फोनवर बोलत होत्या, आणि बोलता बोलता न बघताच हात ड्रॉवरमध्ये घालून त्यांनी चष्मा काढला. काढला आणि थांबल्या. फोनवर म्हणाल्या, अरे, माझा चष्मा जिथल्या तिथे आहे.

दोन फोटो, सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. त्या ड्रॉवरची गोष्ट बाईंनी इतक्या जणांना सांगितली की पुढच्या वर्षात तीन कामं तिथून आली. आणि त्याच बाईंचे मी त्या महिन्यात रात्रीचे कमीत कमी पंधरा फोन घेतले असतील, त्यातल्या एकाचीही गोष्ट कोणाला सांगितली गेली नाही. त्या स्वतःसुद्धा विसरल्या असणार.

याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग आहे, थंड पाण्यात हात बुडवायचा. एकदा १४ अंशाच्या पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्यात पाणी हळूहळू एक अंशाने गरम होतं. आता यातलं कुठलं परत कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं दुसरं निवडलं, म्हणजे एकूण त्रास जास्त असलेलं! कारण आठवण तासांची बेरीज करत नाही, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट एवढंच धरून ठेवते. आपल्या कामात याचा अर्थ इतकाच, की सगळीकडे थोडं थोडं जीव ओतण्यापेक्षा तीन-चार जागा निवडा आणि तिथे मात्र कमाल करा. तुमच्या बाबतीत मला वाटतं पहिलं सेशन, जिथे माणूस पहिल्यांदा काहीतरी जमवतो तो दिवस, दुखण्याखुपण्यानंतर तो परत येतो तो दिवस, आणि तीन महिन्यांनी मागे वळून बघणं. बाकीची सेशन्स चांगली, नेटकी, वेळेवर झाली की बास.

मग रात्री साडेदहाच्या मेसेजचं काय? उत्तर द्यायचं नाही. म्हणजे तेव्हा नाही द्यायचं. मी पहिल्या दिवशीच सांगतो की संध्याकाळी सातनंतरचे मेसेज मी सकाळी नऊला वाचतो, आणि नऊला खरंच वाचतो, एकही सुटत नाही. पहिल्यांदा हे सांगताना माझा घसा कोरडा पडला होता, वाटलं आता हे लोक म्हणणार बघा याला धंदा जास्त झाला. कोणी काही म्हणालं नाही. माणसाला तातडीने उत्तर हवं असतं असं नाही हो, उत्तर येणार याची खात्री हवी असते. ज्याला कधी अर्ध्या मिनिटात आणि कधी दोन दिवसांनी उत्तर मिळतं तो अस्वस्थ होऊन जास्त मेसेज करतो, माझा तरी हाच अनुभव. तुमच्या कामात दुखापत हा एक अपवाद ठेवा, त्यासाठी फोन कधीही चालेल असं सांगा, आणि बघा वर्षात किती वेळा वाजतो.

आता लक्षात ठेवणं म्हणजे डोक्यात ठेवणं नाही, यावर मी फार महागात शिकलोय. सहा-सात वर्षांपूर्वी एका घरी काम चालू होतं, आजोबा जाऊन वर्ष झालेलं, आजी एकट्या. पहिल्या भेटीत आजींनी मला एक गंजका पत्र्याचा डबा दाखवला, आत बटणं, आजोबांच्या गणवेशाची. मी ऐकलं, मान डोलावली, मला लक्षात होतं. पण तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या साईटवर होतो आणि माझ्या मदतनीस मुलाने तो गंजका डबा टाकायच्या ढिगात घातला. त्याचा काय दोष, त्याला डबा दिसला, बटणं दिसली. संध्याकाळी कळेपर्यंत गाडी कचरा घेऊन गेलेली. आजी ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, तुम्हाला दाखवला होता ना मी. ते वाक्य अजून ऐकू येतं.

त्या दिवसापासून प्रत्येक क्लायंटचं एक कार्ड असतं. कुठलं भारी सॉफ्टवेअर नाही, एक पान. वर ठरलेल्या गोष्टी, पत्ता, चावी कोणाकडे, निर्णय कोण घेतं, आणि खाली एक चौकोन, ज्यात त्या माणसाने बोलता बोलता सांगितलेल्या पाच गोष्टी त्याच्याच शब्दांत. डबा असेल तर डबा, आणि त्यावर त्याच वेळी लाल स्टिकर. भेट संपली की गाडी सुरू करायच्या आधी पाच मिनिटं, तिथेच बसून लिहायचं. घरी जाऊन लिहू म्हटलं की गेलं. आणि पुढच्या भेटीआधी, दारावरची बेल दाबण्यापूर्वी, ते पान वाचायचं. लोकांना वाटतं माझी स्मरणशक्ती अफाट आहे. माझ्या बायकोला विचारा.

तुम्ही तुमच्या ११ जणांचं असं पान आजच करा. कोणाची मुलगी परीक्षेला बसलीय, कोणाला उजव्या खांद्याची भीती आहे, कोणाला आकडे दाखवले की हुरूप येतो आणि कोणाला तेच आकडे दाखवले की तो खचतो. त्याच्या मागच्या बाजूला मात्र सगळं ठरलेलं, सगळ्यांना सारखं असू द्या: पहिल्या दिवशीची तपासणी, मोजमाप, वॉर्म-अप, प्लॅनचा साचा. तुम्ही साडेसोळा तास प्लॅन आणि मेसेजवर घालवताय याचं कारण तुम्ही ११ वेगळे प्लॅन कोऱ्या पानावरून लिहिताय. चार-पाच मूळ साचे करा आणि माणसाप्रमाणे पाचवा भाग बदला. यात फसवणूक काही नाही, शिंपीसुद्धा प्रत्येकाचं माप वेगळं घेतो पण कापायची पद्धत रोज नव्याने शोधत नाही.

प्रवासाचं तर फारच सोपं आहे, आणि तरी कोणी करत नाही कारण क्लायंट म्हणेल ती वेळ द्यायची सवय लागलेली असते. भाग पाडा. एका बाजूची घरं सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुसऱ्या बाजूची उरलेल्या दिवशी. ४० मिनिटांची सरासरी १५ वर आली तरी आठवड्याचे पावणेचौदा तास सुटतात, म्हणजे दोन क्लायंटचं काम. एक-दोघांना वेळ बदलायला सांगावं लागेल. सांगा. नाहीच जमलं त्यांना तर लांबच्या घराला प्रवासाचे वेगळे पैसे.

ऐनवेळी रद्द करणाऱ्यांसाठी २४ तासांचा नियम, म्हणजे त्याहून उशिरा रद्द केलं तर सेशनचे पैसे लागणार, आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीला, एवढंच. यावर जास्त लिहीत नाही. फक्त नियम लिहून द्या, आणि पहिली चूक सगळ्यांना माफ करा पण "या वेळी माफ" असं बोलून माफ करा, नाहीतर त्यांना नियम आहे हेच कळत नाही.

आता दर. इथे सगळे अडखळतात. तुमचे क्लायंट ११ आहेत म्हणून आकडा छान बसतो: दर १० टक्के वाढवला आणि त्यामुळे एक जण सोडून गेला, तर १० जणांकडून १.१ पट, म्हणजे तुमची मिळकत होती तेवढीच राहते, आणि साडेएकाहत्तर भागिले ११, आठवड्याचे साडेसहा तास मोकळे. म्हणजे ज्याची तुम्हाला इतकी भीती वाटते ती वाईटात वाईट गोष्ट ही आहे. आणि कोणीच गेलं नाही तर? समजा शंभर येतात, ऐंशी खर्चात जातात, वीस उरतात. दर १० टक्के वाढला की एकशे दहा येतात, खर्च तोच, उरतात तीस. नफा दीडपट. दरातली छोटी हालचाल नफ्यात मोठी होऊन दिसते, खाली जातानासुद्धा, म्हणून ओळखीच्यांना दहा टक्के सूट देताना हे आठवा, तुम्ही तेव्हा तुमचा अर्धा नफा देत असता.

दर वर्षी थोडा वाढवावाच लागतो याचं कारणही आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात मांडलं होतं, की कारखान्यात एका माणसाच्या तासाला निघणारा माल वाढत जातो पण चार वादकांची एखादी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि मिनिटं लागायची तेवढीच आजही लागतात, आणि तरी वादकांना पगार आजच्या जगाचा द्यावा लागतो. तुमचं सेशन ही तीच गोष्ट आहे. एक तास म्हणजे एक तास, तो पुढच्या वर्षी पन्नास मिनिटांत होणार नाही. बाकी जग महाग होत गेलं आणि तुम्ही त्याच दरावर राहिलात तर तुम्ही दर वर्षी स्वतःचा पगार कापताय. दरवाढ सांगताना कारणांची रांग लावू नका. मी दोन महिने आधी चार ओळी पाठवतो: अमुक तारखेपासून दर इतका, तुमच्या कामात काय काय येतं ते हे, काही विचारायचं असेल तर फोन करा. पहिल्या वेळी मी पानभर लिहिलं होतं, महागाई, पेट्रोल, सगळं, आणि ते वाचून लोकांनी घासाघीस सुरू केली, कारण मीच त्यांना एकेक कारण खोडायला दिलं होतं.

आणि जमलं तर तासावरून बाहेर या. तासाला दर म्हटलं की माणूस घड्याळ बघतो, आणि तुम्ही कामात हुशार झालात तर शिक्षा तुम्हालाच. तीन महिन्यांचं काम म्हणून दर सांगा: इतकी सेशन्स, दोन तपासण्या, मेसेजना चोवीस तासांत उत्तर, शेवटी एक लेखी आढावा. मी घर बघून संपूर्ण कामाचा एकच आकडा देतो. आणि घर बघायला जायचेही पैसे घेतो बरं का, काम मिळालं तर ते वजा करतो. पूर्वी फुकट जायचो, दोन तास बसून सगळा आराखडा सांगायचो, निम्मे लोक तो आराखडा घेऊन स्वतःच घर आवरायचे. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

किती क्लायंट घ्यायचे यावर माझं मत जरा वेगळं आहे आणि यावर लोक माझ्याशी वाद घालतात. वेळापत्रक कधीही पूर्ण भरायचं नाही. टेलिफोनच्या जमान्यात कोपनहेगनला ए. के. एर्लांग नावाचा अभियंता होता, १९०९ मध्ये त्याने एक्स्चेंजमध्ये फोन कसे येतात याचं गणित मांडलं आणि रांगांचं शास्त्र तिथून वाढलं. त्यातलं एक साधं सूत्र असं, की एक काउंटर, कधीही, अनियमित येणारी माणसं आणि प्रत्येकाला लागणारा वेळही तसाच अनियमित असेल तर काउंटर ८० टक्के भरलेलं असताना सरासरी थांबणं हे एका कामाच्या वेळेच्या ४ पट असतं, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ ला १९ पट. म्हणजे शेवटच्या पंधरा टक्क्यांत सगळा जीव जातो. आपण काही काउंटर नाही, आपल्याकडे अपॉइंटमेंट असते, आकडे तसेच्या तसे लागू होत नाहीत, पण चाल तीच. पूर्ण भरलेल्या माणसाकडे एकाची पाठ आखडली की दुसऱ्याची वेळ हलते, तिसऱ्याला उशीर होतो, आणि ज्या गोष्टीसाठी लोक तुम्हाला जास्त पैसे देतात, की वेळेला हा माणूस माझ्यासाठी थांबेल, तीच जाते. मी आठवड्याचा पाचवा भाग रिकामा ठेवतो. त्या रिकाम्या वेळाचे पैसे दरात धरलेले असतात, आणि तो वेळ नवीन काम घेऊन भरायचा मोह दर महिन्याला होतो.

चुकीचा क्लायंट. हा विषय मोठा आहे पण एक सांगतो. मधे एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं, त्यांच्या बदली होणाऱ्या अधिकाऱ्यांची घरं लावायची. वर्षभरात माझं साठ टक्के काम त्यांचंच झालं. पैसे नव्वद दिवसांनी. हळूहळू माझ्या आजी-आजोबांना मी तारखा पुढच्या द्यायला लागलो, आणि एक दिवस त्या कंपनीत खरेदीचा माणूस बदलला आणि दोन ओळींच्या ईमेलने सगळं बंद. तेव्हापासून एका कोणाकडून चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त मिळकत येऊ द्यायची नाही हा माझा नियम. तुमच्याकडे ११ सारखे क्लायंट आहेत, ही खरं तर चांगली परिस्थिती आहे, तुम्हाला ती दिसत नाहीये.

नवीन माणूस कुठून आणायचा याला जाहिरात फार लागत नाही. "कोणी असेल तर सांगा" असं म्हटलं की लोक हो म्हणतात आणि विसरतात. नेमकं विचारायचं, आणि ड्रॉवरसारखा क्षण होऊन गेला की त्याच आठवड्यात विचारायचं: तुमच्या ओळखीत येत्या सहा महिन्यांत कोणी घर बदलतंय का? तुम्ही विचारा, तुमच्या ओळखीत कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फिजिओथेरपी संपत आलीय का. आणि दोन-तीन फिजिओथेरपिस्टशी ओळख वाढवा, त्यांचं काम जिथे संपतं तिथे तुमचं सुरू होतं. त्यांच्याकडून पेशंट आला तर महिन्याने त्या पेशंटला विचारून फिजिओला चार ओळी कळवा, तो कसा आहे. हे जवळपास कोणीच करत नाही, आणि तुम्ही केलंत तर पुढचा पेशंट तुमच्याकडेच.

माणूस ठेवायचा का? आत्ता नाही. आधी प्रवास आणि साचे नीट करा, तुमचे वीसेक तास मोकळे होऊ देत, मग बघा. आणि ठेवलात तर पहिला माणूस दुसरा ट्रेनर ठेवू नका. वेळापत्रक, पैसे, मेसेज, कार्ड बघणारा अर्धवेळ माणूस ठेवा, म्हणजे तुम्ही जिथे चांगले आहात तिथे जास्त वेळ द्याल. माझी चूक उलटी होती, मी माझ्यासारखाच दुसरा शोधत बसलो, तो मिळाला, वर्षभरात शिकला आणि त्याने स्वतःचं सुरू केलं. त्याचा राग नाही, मीही तसाच शिकलो होतो कुठेतरी.

ठेवलेल्या माणसाला थोडा अधिकार मात्र द्या. रिट्झ-कार्लटन हॉटेलांचं धोरण प्रसिद्ध आहे, की कुठलाही कर्मचारी, साहेबाला न विचारता, एका पाहुण्याची अडचण सोडवायला २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. आपली ऐपत तेवढी नसते, पण माझ्या मदतनीसाला एक छोटी रक्कम आणि एक तास असा अधिकार आहे, मला फोन न करता. बटणांच्या डब्यानंतर हाही नियम झाला, की शंका आली तर टाकायचं नाही, बाजूला ठेवायचं आणि त्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल.

राहिला ग्रुप बॅचचा प्रश्न. ग्रुप बॅच हा वाईट धंदा नाही, पण तो वेगळा धंदा आहे, त्यात जागा, भाडं, सतत नवीन भरती आणि गळती, आणि तिथे तुमची स्पर्धा थेट स्वस्त जिमशी. तुमचे ११ जण तुम्हाला सोडून जात नाहीत, आणि ही वर्षानुवर्षं कमवावी लागणारी गोष्ट आहे, ती मोडून तिथे जाऊ नका. ऑनलाईन कोर्सऐवजी व्हिडिओ मात्र जरूर करा, वॉर्म-अपचे, सुटीवर गेल्यावर करायच्या व्यायामाचे, पण विकायला नाही, तुमच्याच क्लायंटना पाठवायला. दर आठवड्याला तेच तेच मेसेज टाईप करण्यातले तीन-चार तास तिथेच वाचतील.

सुरुवात दरापासून करू नका, तेवढं ऐका. आधी दोन आठवडे तासांची वही, मग कार्डं, मग भागवार वेळापत्रक, यात दीड-दोन महिने जातील. नवीन क्लायंटला मात्र नवा दर लगेच सांगा. जुन्यांना तेव्हाच सांगा जेव्हा त्यांना सेवा सुधारलेली जाणवायला लागली असेल, आणि त्यातही पहिला फोन त्याला करा जो सगळ्यात जास्त किरकिर करेल असं तुम्हाला वाटतंय. माझा असा एक क्लायंट होता, त्याच्या भीतीने मी दोन वर्षं दर वाढवला नव्हता. शेवटी फोन केला तर तो म्हणाला, ठीक आहे, आणि मग जरा थांबून, मला वाटलं तुम्ही काम बंद करतोय सांगायला फोन केलात.